दुव्यांच्या यादीचं काय करायचं?

पत्र: मी सहावी ते दहावीच्या वर्गांना विज्ञान शिकवते. शिक्षकांच्या गटावर ऑनलाइन साधनांच्या याद्या येत राहतात. माझ्याकडे आता शंभराहून जास्त दुवे साठलेत, त्यातले निम्मे उघडत नाहीत. व्हिडिओ लावला की मुलं रमतात आणि ‘समजलं’ म्हणतात. चाचणीत मात्र ‘बॅटरीजवळचा दिवा जास्त उजळेल, कारण वीज आधी तिथे पोचते’ असंच लिहितात. वर्गात एक लॅपटॉप आणि एक प्रोजेक्टर आहे, नेट येतं-जातं. यातली कोणती साधनं ठेवू आणि कशी वापरू? आणि एखादा व्हिडिओ बरोबर सांगतोय की चूक, हे कसं ओळखू? – एक शिक्षिका

ताई,

उघडत नाहीत त्या निम्म्या दुव्यांपासून सुरुवात करू. दोष तुमच्या लॅपटॉपचा नाही. अशा याद्या बहुधा एकीतून दुसरीत उतरवलेल्या असतात, आणि त्यांतले पुष्कळ जुने प्रयोग ‘फ्लॅश’ या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये बनवलेले होते. फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला आणि १२ जानेवारी २०२१ पासून त्यातला मजकूर चालणंच रोखलं गेलं. म्हणून तिथे आता कोरी चौकट दिसते. ‘फ्लॅश प्लेअर डाउनलोड करा’ असं बटण कुठे दिसलंच तर दाबू नका, त्या नावाखाली आता नको ते गळ्यात पडण्याचीच शक्यता जास्त. हे दुवे डोळे मिटून खोडा.

उरलेल्यांना एकच प्रश्न विचारा: इथे मुलाला स्वतःच्या हातानं काही बदलता येतं का, आणि बदलण्याआधी ‘आता काय होईल’ याचा अंदाज चुकण्याची सोय आहे का? ही सोय नसलेलं साधन कितीही देखणं असलं तरी तासात पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ मागू देऊ नका. सुंदर अ‍ॅनिमेशन आणि फळ्यावरची सुबक आकृती यांत मुलाच्या दृष्टीनं फारसा फरक नसतो. दोन्हींत त्याला नुसतं बघत बसायचं असतं.

‘समजलं’ म्हणूनही चुका तशाच राहतात, हे तुमच्याच वर्गात घडतंय असं समजू नका. हार्वर्ड विद्यापीठात एरिक माझूर यांच्या गटानं २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, प्रात्यक्षिक नुसतं पाहिलेल्या विद्यार्थ्यांना ते न पाहिलेल्यांपेक्षा फारसं जास्त कळलेलं नव्हतं. ज्यांच्याकडून आधी अंदाज करून घेतला होता, त्यांना मात्र जास्त कळलं होतं. व्हिडिओंचं तर याहून गमतीदार आहे. डेरेक म्युलर यांनी सिडनी विद्यापीठातल्या २००८ सालच्या आपल्या प्रबंधात दाखवलं, की सरळ, स्वच्छ समजावून सांगणारा व्हिडिओ विद्यार्थ्यांना आवडतो, सोपा वाटतो, पण त्यांची उत्तरं जवळजवळ होती तिथेच राहतात. ज्या व्हिडिओत नेहमीची चुकीची समजूत आधी मांडून मग खोडलेली असते, तो त्यांना गोंधळाचा वाटतो, पण शिकणं त्यातून होतं. कारण सरळ आहे. डोक्यात आधीपासून बसलेल्या कल्पनेला कुणी हात लावला नाही, तर मूल नवं वाक्य ऐकतं आणि जुन्याच कल्पनेच्या शेजारी ठेवून देतं.

आता तुमच्या दिव्यांकडे येऊ. यासाठी ‘फेट’ हे एक साधन तुमच्या निम्म्या यादीची जागा घेईल. कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर इथल्या केंद्रात भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वाइमन यांनी २००२ साली ते सुरू केलं. त्याच्या आदल्याच वर्षी त्यांना नोबेल मिळालं होतं. भौतिकशास्त्र, रसायन, गणित, थोडं जीवशास्त्र असे आभासी प्रयोग तिथे मोफत आहेत, प्रयोग चालवायला खातं उघडावं लागत नाही आणि बऱ्याच प्रयोगांची मराठी आवृत्ती आहे. जिथे भाषांतर अपुरं आहे तिथे बटणांवरचे शब्द इंग्रजीत राहतात, त्यानं काही अडत नाही.

‘विद्युत परिपथ जुळवणी’चा एकदिश धारेचा प्रयोग उघडा. त्यात बॅटरी ९ व्होल्टची आणि दिवा १० ओहमचा असतो. आधी पडद्यावर फक्त एक बॅटरी आणि एक दिवा जोडा, अ‍ॅमीटर लावा, म्हणजे धारा मोजता येईल. वाचन ०.९० अँपिअर येईल. आता दुसरा तसाच दिवा एकसर, म्हणजे पहिल्याच्या पुढे त्याच वाटेवर, जोडायचा आहे, पण जोडू नका. फळ्यावर तीन पर्याय लिहा: पहिला दिवा जास्त उजळेल, दुसरा जास्त उजळेल, दोन्ही सारखे. प्रत्येकानं वहीत एक पर्याय आणि एका ओळीत कारण लिहायचं. मग सगळ्यांनी एकदम छातीशी बोटं धरून आपला पर्याय दाखवायचा, एक, दोन किंवा तीन. हात वर करायला लावलात तर हुशार मुलाच्या हाताकडे बघून बाकीचे हात वर जातात आणि तुम्हाला वर्गाचं खरं मत कधीच कळत नाही. बोटं दाखवून झाली की शेजाऱ्याला पटवायला दोन मिनिटं द्या. वर्गात थोडा गोंगाट होईल, तो होऊ द्या.

त्यानंतर दिवा जोडा. दोघे सारखे दिसतील. अ‍ॅमीटर बॅटरी आणि पहिल्या दिव्याच्या मध्ये, मग दोन दिव्यांच्या मध्ये, मग दुसऱ्या दिव्यानंतर असा तीन ठिकाणी लावा. तिन्हीकडे ०.४५. ‘पहिला दिवा वीज खाऊन टाकतो’ ही कल्पना इथे अडखळते. पण लगेच नियम सांगू नका. ‘मग दिवा काय वापरतो?’ एवढंच विचारा. ऊर्जा आणि धारा या दोन गोष्टी मुलांच्या मनात एकाच ‘वीज’ या शब्दात कोंबलेल्या असतात, चुकीचं मूळ तिथे आहे. तुम्हीही या तासात ‘वीज’ हा शब्द टाळा. धारा म्हणा, ऊर्जा म्हणा, जे म्हणायचंय ते नेमकं म्हणा.

तिसरा दिवा एकसर लावला की ०.३० येईल. मग दोन दिवे समांतर, म्हणजे प्रत्येकाला बॅटरीपर्यंत स्वतःची वेगळी वाट देऊन, जोडा, अर्थात पुन्हा अंदाज आधी. प्रत्येक दिव्यातून ०.९० आणि बॅटरीतून १.८०. ‘बॅटरी नेहमी तेवढीच धारा देते’ ही दुसरी घट्ट समजूत इथे सापडते. एका बॅटरीची दोन टोकं नुसत्या तारेनं जोडली की पडद्यावर बॅटरीला आग लागते. तेवढं एकदा होऊ द्या, नाहीतर मुलं तासभर तेच करत बसतील.

पडद्यावरचा प्रयोग इथे एक गोष्ट लपवतो. त्यातल्या बॅटरीचा अंतर्गत रोध, म्हणजे तिच्या आतच धारेला होणारा अडथळा, जवळजवळ शून्य धरलेला असतो, त्यामुळे समांतर दिवे कितीही वाढवले तरी मंद होत नाहीत. खऱ्या, वापरलेल्या सेलवर दुसरा दिवा समांतर जोडला की पहिला थोडा मंदावतो आणि एखादा मुलगा म्हणतो, ‘बाई, नियम चुकला.’ याची तयारी आधीच ठेवा. ‘लॅब’ पडद्यावरच्या प्रगत पर्यायांत बॅटरीचा रोध वाढवायची पट्टी आहे. ती ५ ओहमवर न्या. आता एका दिव्याला ०.६० अँपिअर मिळेल आणि दोन समांतर केले की प्रत्येकाला ०.४५. म्हणजे मुलानं पाहिलेलं बरोबर होतं, आपण धरलेली बॅटरी आदर्श होती.

याच तासात टेबलावर खरे दिवे मांडाच. फिंकेलस्टाइन आणि सहकाऱ्यांचा २००५ सालचा याच प्रयोगावरचा अभ्यास पुष्कळदा पुढे केला जातो: पडद्यावर परिपथ शिकलेल्या विद्यार्थ्यांनी नंतर खरा परिपथ जोडण्यातही खऱ्या साहित्यावर शिकलेल्यांना मागे टाकलं. पण त्यावरून खरं साहित्य कपाटात ठेवायला परवानगी मिळाली असं वाचू नका. पडद्यावर सैल जोड नसतो, गंजलेली पट्टी नसते, तार सोलावी लागत नाही. परिपथ ‘चालत नाही’ तेव्हा कुठून तपासायला सुरुवात करायची हे पडदा शिकवत नाही.

खऱ्या साहित्यात दोन खड्डे आहेत. एक, एलईडी घेऊ नका, टॉर्चचे तारेवाले छोटे दिवे घ्या. पांढऱ्या एलईडीला साधारण ३ व्होल्ट लागतात. दोन सेलवर दोन एलईडी एकसर जोडले तर एकही पेटत नाही, उलटे जोडले तर कधीच नाही, आणि तास तिथेच बुडतो. दोन सेलना २.५ व्होल्टचे दिवे चांगले चालतात. दुसरा खड्डा जास्त फसवा आहे. एकाच खोक्यातले दोन दिवे एकसर जोडल्यावरही पुष्कळदा सारखे उजळत नाहीत, कारण त्यांच्या तारा तंतोतंत सारख्या नसतात. जास्त उजळणारा दिवा नेमका बॅटरीच्या धन टोकाजवळ असला की सगळा वर्ग जिंकल्यासारखा ओरडतो. तेव्हा दोन दिव्यांची जागा अदलाबदल करा. जास्त उजेड दिव्याबरोबर सरकतो, जागेवर राहत नाही. सारखे दिवे शोधण्यात वेळ घालवण्यापेक्षा असे असमान दिवेच मुद्दाम जवळ ठेवा, त्यांनी जास्त शिकवता येतं.

हीच पद्धत लंबकाला लावा, तिथे थोडक्यात होतं. फेटच्या लंबकात लांबी १ मीटर, कोन १० अंश ठेवला तर दोलनकाळ, म्हणजे एका पूर्ण झोक्याला लागणारा वेळ, २.०१ सेकंद दिसतो. वस्तुमान बदला, काही फरक नाही. आता कोन ६० अंश करा: २.१५. ‘दोलनकाळ कोनावर अवलंबून नसतो’ हे वाक्य लहान कोनापुरतंच खरं आहे, हे दहावीच्या मुलाला एवढ्यानं कळतं. मग दोरा आणि वजन घेऊन खरा लंबक. २० दोलनांचा वेळ मोजून २० नं भागायचं, कारण बटण दाबण्यात ०.२ सेकंद इकडेतिकडे होतातच. एका दोलनात ती चूक १० टक्के, विसांत अर्धा टक्का. लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजायची, दोऱ्याच्या गाठीपर्यंत नाही. आणि उत्तर सगळ्या गटांचं २.०१ ऐवजी १.९१ च्या आसपास येत असेल तर दोरा मोजू नका, मोजणी ऐका: मुलं घड्याळ सुरू करताना ‘एक’ म्हणतात. तिथे ‘शून्य’ म्हणायचं असतं. ‘एक’ म्हटलं की १९ दोलनांनाच वीस म्हटलं जातं.

मोबाइल हे तिसरं साधन. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं ‘फायफॉक्स’ हे मोफत अ‍ॅप फोनच्या आतल्या संवेदकांकडून मोजमाप काढून घेतं: त्वरण, चुंबकक्षेत्र, आवाज, काही फोनमध्ये हवेचा दाब. नवव्या-दहाव्या वर्गासाठी त्यातला एक प्रयोग जरूर करा, ध्वनीचा वेग. दोन फोन लागतात. दोन्हींवर ‘ध्वनी-स्टॉपवॉच’ उघडा. ते आवाज झाला की सुरू होतं आणि पुढच्या आवाजाला थांबतं. फोन एकमेकांपासून ५ मीटरवर ठेवा, प्रत्येकाजवळ एक मूल. पहिलं मूल आपल्या फोनजवळ टाळी वाजवतं, दोन्ही घड्याळं सुरू होतात, पण दूरचं थोडं उशिरा. एखाद-दोन सेकंदांनी दुसरं मूल टाळी वाजवतं, आता पहिल्या मुलाचं घड्याळ उशिरा थांबतं. म्हणून पहिल्या फोनवरचा वेळ जास्त येतो, आणि दोन वेळांमधला फरक म्हणजे आवाजाला १० मीटर जायला लागलेला वेळ. २० अंश सेल्सिअसला ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर, म्हणजे फरक साधारण ०.०२९ सेकंद यायला हवा. फोनची घड्याळं एकमेकांशी जुळवावी लागत नाहीत, हीच या प्रयोगातली खुबी. ‘का लागत नाहीत’ हा प्रश्न चांगल्या मुलांसाठी राखून ठेवा.

हा प्रयोग पहिल्या खेपेला जवळजवळ नेहमी फसतो. वर्गातल्या कुजबुजीनं घड्याळ आधीच सुरू होतं. त्यासाठी आवाजाची किमान पातळी वाढवायची. फार वाढवली तर ५ मीटरवरची टाळी दूरच्या फोनला ऐकूच येत नाही. भिंतीवरून परतलेल्या आवाजानं घड्याळ लगेच थांबत असेल तर अ‍ॅपमध्ये दोन आवाजांमधला किमान वेळ ठरवायची जागा आहे, तो वाढवा. टाळी फोनच्या अगदी शेजारी वाजवा. मूल फोनपासून अर्धा मीटर मागे, पण दुसऱ्या फोनच्या रेषेतच उभं राहिलं तर फारसं बिघडत नाही. बाजूला सरकलं की अंतराचा हिशेब चुकतो. पाच वेळा करा, सरासरी घ्या. ३२० ते ३७० च्या दरम्यान काही आलं तर प्रयोग उत्तम झाला.

आकाशासाठी ‘स्टेलॅरियम’ घ्या. मोफत आहे आणि एकदा संगणकावर उतरवलं की नेट लागत नाही. पहिलं काम म्हणजे आपलं ठिकाण भरणं. ते राहिलं तर भलत्याच गावचं आकाश दिसतं आणि मुलं रात्री घरी जाऊन पडताळतात तेव्हा काहीच जुळत नाही. अमावास्येनंतरचा दुसरा दिवस आणि सूर्यास्तानंतरचा अर्धा तास लावा, मग बरोबरचं चिन्ह असलेली कळ दाबत जा. दर दाबाला एक दिवस पुढे. त्याच वेळी चंद्र रोज १२-१३ अंश पूर्वेकडे सरकलेला आणि थोडा भरलेला दिसतो. मध्येच थांबून विचारा: पौर्णिमेला सूर्य मावळताना चंद्र कुठे असेल? ज्यांना वाटतं की कला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात, त्यांना इथे उत्तर जमवताना घाम फुटतो.

तुमचा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, व्हिडिओ बरोबर की चूक. पाहणाऱ्यांचा आकडा आणि निवेदकाचा आवाज यांवरून काहीही कळत नाही. एक उदाहरण नीट बघू, कारण ते असंख्य व्हिडिओंत आहे. बशीत रंगीत पाणी, मध्ये पेटती मेणबत्ती, वरून उपडा ग्लास. मेणबत्ती विझते, पाणी आत चढतं. निवेदक म्हणतो, ‘ऑक्सिजन जळून संपला, त्याची जागा पाण्यानं घेतली. पाणी एक पंचमांश चढलं, कारण हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो.’ ऐकायला इतकं छान जुळतं, की शंकाच येत नाही.

आता व्हिडिओ पुन्हा लावा आणि पाणी केव्हा चढतं ते बघा. मेणबत्ती जळत असताना ते थोडंसंच हलतं. खरी चढाई ज्योत विझल्यावर होते. ऑक्सिजन ‘संपल्यामुळे’ चढत असतं तर जळतानाच सावकाश चढलं असतं. दुसरं, ग्लास ठेवताना कडेखालून बुडबुडे बाहेर पडतात का ते बघा. ज्योतीनं तापून फुगलेली हवा तिथून निसटते, आणि उरलेली हवा थंड होऊन आकसली की बाहेरचा दाब पाणी आत ढकलतो. ऑक्सिजन खर्च होतो हे खरं, पण बंद ग्लासातली मेणबत्ती हवेत साधारण १६ टक्के ऑक्सिजन शिल्लक असतानाच विझते, आणि खर्च झालेल्याच्या जागी कार्बन डायऑक्साइड तयार झालेला असतो. तो हिशेब केला तर हवा जेमतेम दोन टक्के कमी होते.

हे मुलांना सांगण्यापेक्षा करायला लावा. बशीत सेंटिमीटरभर पाणी, एकच ग्लास, आधी एक मेणबत्ती, मग दोन, मग तीन. ग्लासातला ऑक्सिजन तेवढाच आहे, तरी पाणी जास्त जास्त चढतं. शेवटी मेणबत्तीच काढून टाका: ग्लास तुम्ही स्वतः गरम पाण्यानं विसळा, लगेच उपडा ठेवा. काहीच जळलं नाही, तरी पाणी चढतं. काय बिघडतं तेही लक्षात ठेवा. पाणी कमी असलं तर ग्लासाच्या कडेखालून हवा आत शिरते आणि पाणी चढायचं थांबतं. मेणबत्ती उंच असली तर ज्योत काचेला लागून ग्लास तडकतो. ज्योत आणि उपड्या ग्लासाचा वर आलेला तळ यांत चार बोटं अंतर हवंच.

म्हणजे व्हिडिओ तपासायचा तो असा: आवाज बंद करून एकदा पाहायचा. जे दिसतं आणि जे सांगितलं जातं, ते वेळेनुसार आणि प्रमाणात जुळतं का? सांगितलेलं कारण खरं असेल तर आणखी काय व्हायला हवं, आणि ते करून बघता येतं का? ऋतूंच्या व्हिडिओत पृथ्वी-सूर्य अंतर कारण म्हणून आलं तर तो तिथेच बंद करा. पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर, जानेवारीच्या सुरुवातीला, म्हणजे आपल्या ऐन थंडीत असते. पृथ्वी आणि चंद्र शेजारी-शेजारी काढलेलं चित्र दिसलं की मुलांना सांगा, मध्ये तीस पृथ्व्या मावायला हव्यात. आणि स्वतःहून फिरत राहणारं चक्र किंवा बॅटरीशिवाय पेटलेला दिवा दाखवणारे व्हिडिओ तर मुद्दाम दाखवा, पण ‘तार कुठे लपवली असेल’ हा प्रश्न लावून.

चॅटबॉटची उत्तरं यालाच जोडून घ्या. तो चुकीचं उत्तरही त्याच ठाम सुरात देतो. मुलांना त्याच्याकडून मेणबत्तीचं स्पष्टीकरण मागवायला सांगा आणि टेबलावरच्या तीन मेणबत्त्यांशी ताडून पाहायला लावा. गृहपाठाला याहून चांगला उपयोग आम्हाला तरी सध्या दिसत नाही.

एक इशारा मात्र ठळक. घरी करून बघा म्हणून दाखवलेल्या प्रयोगांत घरातला विजेचा बोर्ड, मायक्रोवेव्हचे सुटे भाग, फरशी पुसायच्या द्रवांची मिसळ किंवा भिंगातून सूर्य पाहणं असलं, तर तो दुवा मुलांच्या गटावर टाकू नका, ‘करू नका’ अशी सूचना जोडूनही टाकू नका. ब्लीचमध्ये आम्ल पडलं तर क्लोरीन वायू सुटतो, अमोनिया पडला तर क्लोरामाइन; बंद न्हाणीघरात दोन्ही जीवघेणे ठरू शकतात.

आता नेटचं. फेटच्या प्रत्येक प्रयोगाच्या पानावर तो उतरवून घ्यायचं बटण असतं. मिळते ती एकच फाईल, काही एमबींची, आणि ती कोणत्याही ब्राउझरमध्ये नेटशिवाय चालते. मुलांना फोनवर पाठवली आणि कोरी दिसली, तर ती निरोपाच्या अ‍ॅपमधून न उघडता आधी फोनमध्ये साठवून ब्राउझरनं उघडायला सांगा. ‘किविक्स’ या मोफत वाचकात संपूर्ण विकिपीडिया, मराठीसुद्धा, एका फाईलमध्ये साठवता येतो. अशा फाईली मोठ्या असतात, आणि पेनड्राइव्ह ‘फॅट३२’ पद्धतीनं तयार केलेला असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाईल तो घेतच नाही. जागा शिल्लक असूनही ‘फाईल फार मोठी आहे’ म्हणतो, आणि माणूस नवा पेनड्राइव्ह आणायला निघतो. त्याऐवजी आतलं सगळं दुसरीकडे हलवून तोच ‘एक्सफॅट’मध्ये फॉरमॅट करा.

शाळेत आठ-दहा टॅबलेट किंवा जुने संगणक असतील तरच ‘कोलिब्री’ या नेटशिवाय धडे दाखवणाऱ्या मोफत साधनाचा विचार करा. एका लॅपटॉपवर ते बसवायचं, जिथे नेट आहे तिथे हवे ते विषय उतरवून घ्यायचे, आणि वर्गात साध्या राउटरवरून बाकीच्यांनी त्या लॅपटॉपला जोडायचं. राउटरला इंटरनेट लागत नाही. बंद पडलं तर कारण बहुधा तीनपैकी एक: लॅपटॉप झोपी गेला, फायरवॉलनं अडवलं, किंवा राउटरनं लॅपटॉपला आज नवा पत्ता दिला. एकच लॅपटॉप असताना याच्या वाटेला जाऊ नका.

ज्या साधनात मुलाचं नाव, जन्मतारीख, फोन नंबर दिल्याशिवाय आत जाता येत नाही, ते वर्गासाठी घेऊ नका. वर सांगितलेल्या फेट, फायफॉक्स, स्टेलॅरियम, किविक्स यांपैकी एकालाही वापरण्यापुरतं हे लागत नाही. मराठी पारिभाषिक शब्द अडला तर मराठी विश्वकोश ऑनलाइन आहे. मुलांच्या पाठ्यपुस्तकातला शब्द वेगळा असेल तर मात्र पुस्तकातलाच वापरा, दोन शब्दांचा घोळ नको.

पहिल्या तासाला फक्त परिपथ घ्या. पेनड्राइव्हवर ती एक फाईल, पिशवीत दोन सेल, २.५ व्होल्टचे चार दिवे, सोललेल्या टोकांच्या सहा तारा. आदल्या दिवशी वायफाय बंद करून फाईल एकदा उघडा आणि प्रोजेक्टरवर मागच्या बाकावरून अ‍ॅमीटरचे आकडे वाचता येतात का ते बघा. येत नसतील तर कंट्रोल आणि अधिकची कळ दाबून ब्राउझर मोठा करण्यात वेळ घालवू नका, त्यानं प्रयोगातले आकडे मोठे होतीलच असं नाही. त्यापेक्षा ब्राउझर पूर्ण पडद्यावर न्या, प्रयोगातलं भिंगाचं बटण दाबून परिपथ जवळ आणा, आणि वाचन मोठ्यानं सांगायला पुढच्या बाकावरची एक मुलगी नेमा.